हिरवी खूण आणि बाराशे चौऱ्याऐंशी धोके

मे महिन्यात सोलापुरात दोन धंदे जोरात असतात, रसवंतीचा आणि युनिफॉर्मचा. आमचा दुसरा. अक्कलकोट रोडला भाड्याच्या गाळ्यात अकरा मशिनी, दोन ओव्हरलॉक, एक कटिंग टेबल आणि कोपऱ्यात कूलरचा वारा लागेल असा मांडलेला एक कॉम्प्युटर. कूलर शिवणाऱ्या बायकांसाठी आणलाय असं मी म्हणते, त्या म्हणतात कॉम्प्युटरसाठी आणलाय. शाळांच्या मापांच्या याद्या, बिलं, पगार, जीएसटी, सगळं त्या एका डब्यात. तो बंद पडला तर मशिनी चालू राहतील, पण कुठल्या शाळेचे बत्तीस नंबरचे शर्ट किती शिवायचे हे कुणालाच सांगता येणार नाही.

५ मेच्या सकाळी तो चालू केला तर स्क्रीनभर लाल खिडकी. वर ढालीचं चित्र, खाली भराभर पळणारी फायलींची नावं, आणि डोळ्यांदेखत वाढत जाणारा एक आकडा. १२८४ वर येऊन थांबला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतके धोके आहेत, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. मजकूर इंग्रजीत होता, पण आकडा आणि लाल रंग कळायला इंग्रजी कशाला लागतंय?

घड्याळाशेजारी, उजव्या कोपऱ्यात माझा खरा अँटीव्हायरस होता. पैसे भरून घेतलेला, दरवर्षी न चुकता रिन्यू केलेला. त्यावर हिरवी बरोबरची खूण. उघडून पाहिला तर म्हणतोय, तुम्ही सुरक्षित आहात. म्हणजे एकाच काचेवर दोन साक्षीदार. एक म्हणतो बाराशे चौऱ्याऐंशी, दुसरा म्हणतो शून्य. मी कुणावर विश्वास ठेवला? जो ओरडत होता त्याच्यावर. गप्प बसलेला राखणदार झोपलाय असंच आपल्याला वाटतं.

'सगळं दुरुस्त करा'चं बटण दाबलं. पैशाचं पान उघडलं. ४९.९५ डॉलर, म्हणजे चार हजारांच्या वर. जास्त वाटले, पण सीझन तोंडावर, सात शाळांच्या याद्या आत. कार्डाचा नंबर टाकला, तारीख टाकली, मागचे तीन आकडे टाकले आणि ओटीपीची वाट पाहत बसले. ओटीपी आलाच नाही. बँकेचा मेसेज आला: व्यवहार नाकारला, या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू नाहीत.

चिडले मी. बँकेवर! इथे कॉम्प्युटर जळायला लागलाय आणि यांचे नियम. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करायचं बटण शोधत बसले. सापडेना, म्हणून पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत कॉम्प्युटरच्याच कामात आहे. मी काय करतेय ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, ते बटण शोधू नकोस. कार्ड बंद करायचं बटण शोध."

ते मात्र लगेच सापडलं.

परदेशी साइटवर ओटीपी विचारतीलच असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरही पैसे जाऊ शकतात. मग मला वाचवलं कुणी? अँटीव्हायरसने नाही, माझ्या अकलेने तर नाहीच. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की नवीन कार्ड देताना परदेशी व्यवहार बंद ठेवूनच द्यायचं, गिऱ्हाइकाने मागितले तर चालू करायचे. माझं कार्ड त्यानंतरचं. पैसे गेले असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात फोन करायचा असंही भाच्याने सांगितलं. तो नंबर तेव्हापासून कटिंग टेबलामागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे.

असल्या सोंगाड्या प्रोग्रामांना त्यांच्या भाषेत 'रोग' म्हणतात. शब्द इंग्रजीतला, अर्थ लबाड, पण मराठीतला रोगही तिथे चपखल बसतो. रोगच डॉक्टरचा कोट घालून दारात आलेला. धंदा काही आजचा नाही. असल्याच खोट्या तपासण्या दाखवून सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला होता. दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यांना पैसे दिले होते, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. म्हणजे फसणारी मी पहिली नव्हे. तेवढंच समाधान.

भाच्याच्या सांगण्यावरून सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी काढली. त्यात ते राजरोस बसलेलं होतं. सुरक्षा, ढाल, प्रो असल्या शब्दांची जोडणी केलेलं नाव. बसवल्याची तारीख २९ एप्रिल. काढून टाक म्हटल्यावर 'खरंच काढताय? निम्म्या किमतीत देतो' असं विचारून, गांधी चौकातल्या हातगाडीवाल्यासारखी घासाघीस करून गेलं.

२९ एप्रिलला मी काय केलं होतं ते मग आठवलं. एका शाळेने मोनोग्राम बदलला होता. खिशावर एम्ब्रॉयडरी करायची, त्यासाठी पंचिंगवाल्याला (चित्रावरून एम्ब्रॉयडरी मशिनीसाठी टाक्यांची फाइल करून देणाऱ्याला) चित्र पाठवायचं. तो म्हणाला, कोरलची, म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल द्या. शाळेने दिलेली पीडीएफ. मी पीडीएफचं कोरल करून देणारं फुकट सॉफ्टवेअर शोधलं आणि पहिल्याच ओळीवर क्लिक केलं. त्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं, ते आता दिसतं. डाउनलोड केलं, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. मध्ये एकदा सगळी स्क्रीन काळवंडली आणि या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का असं विचारलं. समोर मापं घेणारी मुलगी वही घेऊन उभी होती. मी 'हो' दाबलं. त्या कन्व्हर्टरने फाइल करूनही दिली, पण फुटकी, अक्षरांच्या कडा खाल्लेली. पंचिंगवाल्याने परत पाठवली.

काढून टाकलं, विषय संपला असं समजून रात्री मेन स्विच बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खिडकी परत हजर. आकडा १३०२. कॉम्प्युटर रात्रभर बंद, नेट बंद, आणि धोके अठराने वाढलेले! तेव्हा कुठे माझी भीती गेली आणि राग आला. ते काही मोजतच नव्हतं. ब्राउझरच्या साध्या कुकीज, टाकाऊ टेम्पररी फायली, असलं काहीबाही यादीत लावून 'धोका' म्हणायचं, बस्स. शिवाय खालच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी पाट्या उगवायला लागल्या होत्या: तुमचं लायसन्स संपलं, तुमचा डेटा चोरीला जातोय. त्यातल्या एका पाटीवर माझ्याच अँटीव्हायरसचं बोधचिन्ह.

तोवर गाळ्यात बातमी पसरली होती. ओव्हरलॉकवाल्या अक्कांनी परस्पर नवी पेठेतल्या अण्णाला बोलावून घेतलं. अण्णा म्हणजे आमच्या भागातला कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर असा सगळ्याचा डॉक्टर.

"रिन्यू केलंय का?" पहिला प्रश्न.

"केलंय. मार्चमध्ये."

"अपडेट होतंय?"

"रोज."

अण्णाने मान हलवली. "मग काय ओ अक्का, फॉरमॅट मारू. पाचशे रुपये, दोन तासांचं काम. सगळा कचरा साफ."

अण्णाचं औषध एकच. पण ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा जीएसटीचा तपशील, भरायचा होता आणि माझा शेवटचा बॅकअप मार्चअखेरचा. एप्रिलची सगळी बिलं त्या डब्यातच. मी म्हटलं, बारा तारखेनंतर बघू. मग तो म्हणाला, निदान दुसरा अँटीव्हायरस टाकून देतो, डबल पहारा. भाच्याला विचारलं तर तो फोनवरच ओरडला. सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एका कॉम्प्युटरवर ठेवले तर दोघंही प्रत्येक फायलीवर एकदम झडप घालतात, एकमेकांवरच संशय घेतात आणि कॉम्प्युटर बैलगाडी होतो. एकदाच तपासून बाजूला होणारा स्कॅनर वेगळा, तो चालतो. अण्णाला हे फारसं पटलं नाही, पण चहा पिऊन गेला.

७ मेच्या रात्री नऊला बायका गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि मी नि भाचा फोनच्या स्पीकरवर कामाला बसलो. आधी वायफायची वायर काढली. मग फक्त हिशोबाचा डेटा आणि मापांच्या याद्या एका नव्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. प्रोग्राम एकही घ्यायचा नाही, ही त्याची सक्त ताकीद. तपासणारा स्कॅनर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणावा असं माझ्या मनात होतं, पण मीच नको म्हटलं. त्या दुकानात पेन ड्राइव्ह लावायचा म्हणजे अंगावर काटा येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मुलीचा कॉलेजचा फॉर्म प्रिंट करायला असाच पेन ड्राइव्ह दिला होता, घरी येऊन बघते तो सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. फायली कुठेही गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात आणि त्यांच्या जागी तोतया शॉर्टकट ठेवलेला असतो. आपण फोल्डर समजून त्यावर क्लिक करतो आणि तो पुढच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. त्या काळात सोलापुरात असा एकही पेन ड्राइव्ह नसेल ज्याला हे झालं नाही. तर झेरॉक्स रद्द. स्कॅनर मोबाइलवर उतरवला आणि केबलने कॉम्प्युटरवर घेतला.

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, निळा पडदा येतो, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट आणि चार नंबर. सेफ मोड. मोठी अक्षरं, काळा पडदा, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. विंडोजला लागतात तेवढेच प्रोग्राम चालतात, बाकीचे झोपलेले असतात. लाल खिडकी आली नाही. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्या स्क्रीनकडे शांतपणे पाहिलं.

मग एकेक गोष्ट सापडत गेली. माझी समजूत होती की आत एक काहीतरी शिरलंय. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी होत्या आणि प्रत्येकीपुढे अँटीव्हायरस गप्प बसण्याचं कारण वेगळं.

कोपऱ्यातल्या पाट्या हा व्हायरस नव्हताच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, तिथे चौदा नावं निघाली. त्यातली अकरा मी आयुष्यात ऐकली नव्हती. कधीतरी एखाद्या पानाने विचारलेलं असतं, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला 'अलाउ' दाबा. दाबलं. आता ती साइट ब्राउझरकरवी पाहिजे ते चित्र, पाहिजे ते बोधचिन्ह लावून पाटी पाठवू शकते. यात कुठली फाइल नाही की प्रोग्राम नाही. अँटीव्हायरसने धरायचं कुणाला? ब्राउझर मी दिलेली परवानगी पाळतोय.

दुसरी ती लाल खिडकी. तिच्या मूळ फायलीच्या प्रॉपर्टीजमध्ये रीतसर डिजिटल सही निघाली. कंपनीचं नाव, सर्टिफिकेट, सगळं वैध. आणि बसवताना लांबलचक करार दाखवलेला, तो मी मान्य केलेला. ते फायली कुलूपबंद करत नाही, पासवर्ड चोरत नाही, नुसतं घाबरवतं आणि पैसे मागतं. असल्या मालाला अँटीव्हायरसवाले व्हायरस म्हणत नाहीत, 'संभाव्य नकोसा प्रोग्राम' म्हणतात. संभाव्य! आमच्याकडे नको असलेल्या पाहुण्यालाही इतक्या अदबीने कुणी बोलत नाही. पण या अदबीमागे कोर्टकचेऱ्या आहेत. झँगो नावाच्या जाहिरातबाज सॉफ्टवेअर कंपनीने, आमचा प्रोग्राम का अडवता म्हणून, कास्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने कास्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. तरी प्रत्येक वेळी कोण उठून वकील लावेल याचा धाक राहतो. म्हणून नकोसे प्रोग्राम अडवायचं एक वेगळं बटण असतं. माझ्या अँटीव्हायरसमध्ये ते होतं, सेटिंग्जच्या चौथ्या पानावर, आणि बंद होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे काढून टाकलेलं ते परत कसं येत होतं. विंडोजमध्ये ठरल्या वेळी कामं करून घेणारा टास्क शेड्यूलर असतो. त्यात 'अपडेट' असल्या साळसूद नावाचं एक काम लावलेलं निघालं. कॉम्प्युटर चालू झाला की आणि त्यानंतर दर तासाला, विंडोजच्याच हत्याराने एक दोन ओळींची स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्ट काय करते? एका पत्त्यावरून एक फाइल आणते आणि उघडते. बस्स. हजार चांगले प्रोग्रामही हेच करतात. हत्यार विंडोजचं, ओळी निरुपद्रवी, आणि जे आणलं जातं ते रोज थोडं वेगळं.

हे 'थोडं वेगळं' प्रकरण मला समजायला वेळ लागला. अँटीव्हायरसकडे माहीत असलेल्या वाईट फायलींच्या बोटांच्या ठशांसारखी यादी असते. फायलीत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. म्हणून हे लोक प्रत्येक डाउनलोडला फाइल नव्याने गुंडाळून देतात, आतला माल तोच. अँटीव्हायरसही नुसत्या ठशांवर बसलेले नाहीत, फायलीतले ओळखीचे तुकडे बघतात, चालचलन बघतात, कंपनीच्या सर्व्हरला विचारतात. पण नवी गुंडाळी बाहेर पडणं आणि तिची ओळख पटणं यात काही तास, काही दिवस जातात, आणि धंदा तेवढ्या वेळातच उरकायचा असतो. भाच्याने माझी ती सेटअपची फाइल व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकायला लावली, तिथे सत्तरएक अँटीव्हायरस एकदम मत देतात. त्या दिवशी नऊ जणांनी लाल केली. आठ दिवसांनी परत तपासली तर एकतीस जणांनी. फाइल तीच! (तिथे आपली बिलं किंवा ताळेबंद टाकू नये. टाकलेली फाइल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतरांनाही मिळते.)

आता चौथी. ही सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले.

अँटीव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्क्लुजन' म्हणून एक यादी असते. इथे बघू नका, अशा जागांची. माझ्या यादीत एकच ओळ होती: डी ड्राइव्ह. अख्खा.

तीन वर्षांपूर्वी हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवायला एक माणूस आला होता. डेटा डी ड्राइव्हवर ठेवला. अँटीव्हायरस प्रत्येक नोंदीला ती फाइल चाचपायचा म्हणून सॉफ्टवेअर अडखळत होतं. त्याने दोन मिनिटांत इलाज केला, सॉफ्टवेअर पळायला लागलं, मी त्याला सरबत दिलं. नंतर सी ड्राइव्ह भरला म्हणून मीच एकदा डाउनलोडचं फोल्डर डीवर हलवलं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन्ही मिळून झालं असं की गेली दोन-अडीच वर्षं मी इंटरनेटवरून जे जे उतरवलं ते सगळं थेट अशा खोलीत पडत होतं जिथे डोकवायचं नाही असा हुकूम होता. आणि हिरवी खूण? ती खोटं बोलत नव्हती. जिथे बघायला सांगितलं होतं तिथे सगळं ठीक होतं.

मला तरीही खात्री करायची होती. भाच्याने एक गंमत सांगितली. अँटीव्हायरस जागा आहे का हे बघायला 'आयकार' नावाची एक चाचणी फाइल असते. नोटपॅडमध्ये ६८ अक्षरांची एक ठराविक ओळ टाकायची आणि सेव्ह करायची. ती कुणाला काहीही करत नाही, पण सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलंय की ही ओळ दिसली की आरडाओरडा करायचा. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू करून ती ओळ डेस्कटॉपवर सेव्ह केली. अर्ध्या सेकंदात अँटीव्हायरसने झडप घातली, फाइल गायब, कर्कश आवाज. इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मग तीच ओळ डी ड्राइव्हवरच्या डाउनलोडमध्ये सेव्ह केली. शांतता. कूलरची घरघर तेवढी. दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा केलं ते खरं म्हणजे मजेसाठी.

साडेअकरा वाजले होते. गाळ्याच्या मालकांनी शटर वाजवून काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, व्हायरस पकडतेय. ते बिचारे मास्क शोधायला लागले.

या सगळ्यावर विचार करताना मला आमच्याकडची लग्नं आठवली. पंगतीत एखादा अनोळखी माणूस व्यवस्थित फेटा बांधून बसलेला असतो. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा असेल, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. वाढपी काय विचारणार? तो जिलेबी वाढतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये हेच झालं. मला वाटलं, वाईट असतं तर अँटीव्हायरसने अडवलं असतं. अँटीव्हायरसच्या लेखी, मालकिणीने स्वतः डाउनलोड केलंय, करार मान्य केलाय, स्क्रीन काळवंडली तेव्हा 'हो' म्हटलंय, म्हणजे हिचाच पाहुणा. दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर, आणि पाहुणा जेवतोय.

भाचा म्हणाला की अगदी सगळी बटणं बरोबर असती तरी शंभर टक्के भरवसा कुणी देऊ शकत नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालंय. फ्रेड कोहेन नावाच्या संशोधकाने १९८४ मध्येच ते मांडलं होतं. मी म्हटलं, गणित नको, मराठीत सांग. तर म्हणाला: समज, कधीही न चुकणारा एक तपासनीस आहे. मी असा प्रोग्राम लिहितो जो आधी त्या तपासनिसालाच विचारतो, मी व्हायरस आहे का? तो 'आहेस' म्हणाला तर हा काहीच न करता गप्प बसतो. 'नाहीस' म्हणाला तर पसरायला लागतो. म्हणजे काहीही उत्तर दिलं तरी तपासनीस चुकला. मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेंगाचटणी-भाकरी खाताना बायकांना सांगितलं. ओव्हरलॉकवाल्या अक्का म्हणाल्या, "सासूसारखं की ओ."

टास्क काढला, त्याचं फोल्डर उडवलं, लाल खिडकी दुसऱ्यांदा काढली, चौदाही साइटच्या परवानग्या रद्द केल्या. स्कॅनर लावला, त्यानेही दोन अवशेष काढले. कॉम्प्युटर स्वच्छ वाटायला लागला. 'वाटायला' हा शब्द भाच्याचा. दर तासाला काहीतरी आणून उघडणारी स्क्रिप्ट आठ दिवस चालू होती. तिने त्या काळात आणखी काय आणलं आणि काम उरकून पुसून टाकलं, ते कसं कळणार? ब्राउझरमध्ये माझे पासवर्ड साठवलेले होते, ईमेलचा, जीएसटी पोर्टलचा, बँकेचा. सगळे मोबाइलवरून बदलले. त्या कॉम्प्युटरवर बसून बदलले असते तर नवेही त्याच्या हातात देण्यासारखं झालं असतं. ईमेलमध्ये कुठून कुठून लॉग-इन चालू आहे ते बघून सगळीकडून बाहेर काढलं, कारण पासवर्ड बदलला तरी आधीचं लॉग-इन चालूच राहू शकतं. डिजिटल सहीचं टोकन सीएंच्या कपाटात होतं, ते एक बरं.

जीएसटीआर-१ सीएंच्या ऑफिसात बसून १० तारखेलाच भरला. आणि बारा तारखेला अण्णा आला, ठरल्याप्रमाणे. मी त्याला म्हटलं, मार फॉरमॅट. तो जिंकल्यासारखा हसला. "पहिल्या दिवशीच म्हटलं होतं ना अक्का." म्हटलं होतं, खरंय. पण पहिल्या दिवशी मारला असता तर एप्रिलची बिलं गेली असती, आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर परत अडखळल्यावर कुणीतरी येऊन डी ड्राइव्ह परत त्या यादीत टाकला असता. या वेळी अण्णाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. यादीत फक्त डेटाचं एक फोल्डर घातलं, डाउनलोड तिथून हलवलं, नकोशांचं बटण चालू केलं. रोजच्या कामाला साधं खातं केलं, ज्यातून काही बसवायचं तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड विचारतो. तो पासवर्ड लांबलचक आहे आणि वहीत लिहून घरी ठेवलाय. सीझनमध्ये दोनदा तो नसल्यामुळे प्रिंटरचं काम अडलं आणि बायकांनी मला ऐकवलं. ऐकून घेतलं.

नवीन कार्ड नवव्या दिवशी पोस्टाने आलं.

मोनोग्रामचं राहिलंच होतं. शाळा सुरू व्हायला महिना, खिसे रिकामे. पंचिंगवाल्याकडे स्वतः गेले, झालेली सगळी कथा सांगितली आणि हात जोडून म्हटलं, माझ्याकडे पीडीएफच आहे, कोरलची फाइल काही मला करता येत नाही. त्याने पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवून घेतली, कोरल उघडलं, इम्पोर्ट दाबलं. मोनोग्राम आला, दिवा, पुस्तक, घोषवाक्य, सगळ्या रेषा सुट्या, एकही कड खाल्लेली नाही.

"पीडीएफ सरळ उघडते की यात," तो म्हणाला. "मला वाटलं तुमच्याकडं कोरलची असेल, म्हणून मागितली."